पडद्याबद्दल माफी नाही

उधना, सुरत
रविवार, २ मार्च १९९७

तीर्थस्वरूप वसंतमामा आणि सौ. मामी यांच्या चरणी उज्ज्वलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी एरंडाच्या पानांनी शेकायचं मनावर घेतलं असेल तर निमूट शेकून घ्या. इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे प्रकृतीनं. डोकं मात्र काल दुपारपासून तापलेलं आहे, आणि त्याला कारण तुम्ही आहात. (पत्र इथंच बाजूला ठेवू नका. आदर जिथल्या तिथं आहे.)

नोकरी तुमच्या शब्दावर लागली, हे मी विसरलेले नाही. कार्यानुभवाचा तास म्हणजे क्रेप कागदाची फुलं, हेही मला ठाऊक होतं. पण दिवाळीनंतरच्या शिबिरात अहमदाबादचे एक डिझाइन शिकवणारे गृहस्थ आले. (सुरतेत डिझाइन म्हटलं की माणूस साडीचा पदर बघायला लागतो. आम्हीही बघितला.) ते म्हणाले, वस्तू करण्याआधी ती ज्याला लागणार आहे त्याला जाऊन विचारा, मग हाताशी असेल त्यातून कच्ची वस्तू करा, ती बिघडू द्या आणि पुन्हा विचारा. मला ते असं पटलं की परत आल्याबरोबर सातवीच्या वर्गात मी फुलं बंद केली आणि सांगितलं, घरात ज्याला सगळ्यात जास्त त्रास आहे त्याला विचारून या. आमचे हेडमास्तर बन्सीलाल सर यांना हे रुचलं नाही. त्यांच्या मते मुलांचं भविष्य ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये आहे. त्याला प्लास्टिकचा झगा घातलेला असतो आणि मुलांनी चपला काढून लांबून दर्शन घ्यायचं असतं. मी म्हटलं, सर, ही पोरं मोठी होईपर्यंत ते यंत्र भंगारात जाईल, पण माणसाला विचारून काही करून बघायची सवय भंगारात जात नाही. सर "बघू" म्हणाले. मी त्याला परवानगी समजले.

आता वर्गातल्या गायत्रीचं ऐका. तिचे वडील उखाभाऊ लूमच्या खात्यात रातपाळी करतात (लूमच्या कारखान्याला इथं खातं म्हणतात) आणि दिवसा एका खोलीत झोपायचा प्रयत्न करतात. आमच्या या सगळ्या गल्लीचा एकच धर्म, तो म्हणजे दिवसा पोरांना गप्प बसवणं. भांडं पडलं तरी पोराला धपाटा. गायत्रीला वाटलं, बापाच्या कानात कापूस घालावा. मी म्हटलं, आधी विचार. तिनं विचारलं, तर उखाभाऊ म्हणाले, "आवाजनं माले काय व्हस? रातभर लूमजवळ उभा ऱ्हास मी. उजेड डोयावर येस ना, तो झोपू देत नही." म्हणजे बघा मामा, अख्खी गल्ली वर्षानुवर्षं पोरांना उगीच बडवत आली, आणि ज्याच्यासाठी बडवलं त्याला कुणी एकदा विचारलं नव्हतं. मला हसूही आलं आणि रडूही आलं. मग वर्गानं पलसाण्याच्या, कापड रंगवणाऱ्या प्रोसेस मिलमधलं टाकाऊ कापड आणून दुहेरी पडदा शिवला, वर गारव्यासाठी पाणी शिंपडायची सोय केली. पहिल्या दिवशी रंग गळून उखाभाऊ जांभळ्या तोंडानं कामावर गेले. पोरांनी कापड मिठाच्या पाण्यात उकळलं, पुन्हा पुन्हा धुतलं, तेव्हा ते मळकट झालं पण रंग गळेना. त्या पडद्याआड उखाभाऊ असे झोपले की शेजारच्या बाया काळजीनं बघायला आल्या.

शाळेचं प्रदर्शन होतं शुक्रवारी. ट्रस्टी येणार म्हणून सरांनी आदल्या दिवशी हुकूम केला की हा मळका पडदा चालणार नाही, नवा भडक लावा. मी सांगितलं, न धुतलेलं कापड रंग सोडतं. ते म्हणाले, बाई, शोभा महत्त्वाची. पडदा त्यांच्याच खुर्चीमागे लागला, ट्रस्टींच्या आग्रहावरून पाणीही शिंपडलं, आणि सर पांढऱ्या सफारीत आरामात मागे टेकले. ते भाषणाला उठून वळले तेव्हा पाठीवर आख्खी वेलबुट्टी उमटलेली होती. तेवढ्यात गायत्री पुढे गेली आणि मी शिकवलं तसंच अगदी मनापासून म्हणाली, "सर, तुम्हाला कसं वाटलं? पडद्यात काय फेरफार करू, बोला ने."

झालं. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी मी आणि गायत्रीनं सगळ्यांसमोर माफी मागायची, नाहीतर तास बंद आणि गायत्री वर्गाबाहेर, असं फर्मान निघालं. मी नाही म्हणून आले. पोरीनं वस्तू वापरणाऱ्याला प्रश्न विचारला, याची माफी तिनं मागितली तर ती जन्मात पुन्हा कुणाला काही विचारणार नाही.

आणि काल दुपारी सर हसतमुखानं म्हणाले, मिटलं सगळं, तुमच्या मामांचा एसटीडी आला होता, तुमच्या वतीनं त्यांनीच माफी मागितली, पुढच्या आठवड्यापासून फुलं सुरू करा. (तुम्हाला आईनं कळवलं असणार. तिला मी वेगळं पत्र लिहिणार आहे, त्यात आदर जरा कमी असेल.) मामा, माया समजते मला. पण मला न विचारता माझी अडचण सोडवलीत, आणि माझी अडचण ती नव्हतीच. मला नोकरी जायची भीती आहे, खूप आहे. तरी तुम्ही मागितलेली माफी मी माझी मानणार नाही, उद्या स्वतः मागणार नाही आणि त्या पोरीलाही मागू देणार नाही.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची हट्टी भाची,
उज्ज्वला

ता. क. पत्र मिळताच शाळेत पुन्हा एसटीडी करा आणि माफी परत घ्या. भाचीला पश्चात्ताप झालेला नाही, एवढंच सांगा. गुडघ्याचं कारण चालणार नाही, बूथ तुमच्या घराखालीच आहे.

आणखी ता. क. तुमच्या पारोळ्याच्या शाळेत कार्यानुभवाची जागा रिकामी आहे का, तेवढं बघून ठेवा. नसली तरी फोन आधी करा.