सुजाता नावाच्या सगळ्याजणी

माय, मागच्या मंगळवारी मुलचेऱ्याच्या बाजारात एक बाई तुझ्या नावानं ओरडली. "ये सुजाता, तराजू कुठी ठेवला व?" मी चहाचा ग्लास हातात घेऊन उभी होते, आणि माझी मान आपोआप खाली गेली, जसं कोणी तुझ्यावरच चिडलं होतं. मासळीच्या टोपल्यांमागून पन्नाशीला आलेली एक बाई उठली. हात कोपरापर्यंत ओले, त्यांवर खवले चमकत होते. तिनं तितक्याच चढ्या आवाजात उत्तर दिलं, "तुह्याच पायापाशी हाय. डोये घरी ठेवून आली काय?" तुझं नाव मी असं कधी ऐकलंच नव्हतं. आपल्या घरात ते कोणी घेत नसे. बाबा तुला 'अवं' म्हणायचे, तुझे वडील, आबा, 'बाई' म्हणायचे, गावं 'नर्सबाई' म्हणायची आणि मी 'माय'. नाव होतं ते उपकेंद्राच्या भिंतीवरच्या पाटीवर, पांढऱ्या रंगात. आणि इथं ते भर उन्हात, मासळीच्या वासात, दोन बायका एकमेकींवर फेकत होत्या.

मी तिथं का गेले होते ते आधी सांगते. माझ्या लेकीला मुलगी झाली आहे. तू पणजी झालीस. लेकीनं दवाखान्यातून घरी आल्या आल्या सांगितलं, "आजीचं नाव ठेवायचं." मी म्हणाले, ते नाही ठेवता येणार. आजीच सांगून गेली आहे, आपल्या घरात तिचं नाव कोणालाच ठेवायचं नाही. त्यावर ती म्हणाली, "कोणाला सांगून गेली? तुला ना. मला तर काही नाही म्हणाली." तुझीच नात. नाव रविवारी ठेवायचं होतं, तोवर मी मुदत मागितली. आयुष्यभर वर्तमानपत्रात काम केलं, त्यामुळे वार ठरला की माझे पाय चालू लागतात. सोमवारी चंद्रपूरहून बस धरली. तुझा शब्द मोडायचा की पाळायचा, हे तुझ्या जुन्या गावांत जाऊनच ठरेल असं वाटलं. तू तो शब्द ज्या घरामुळे घेतलास ते घर मला माहीत होतं. फक्त त्या घराला त्यावर काय म्हणायचं आहे, हे आपल्यापैकी कोणी कधी विचारलं नव्हतं.

तुझं नाव जन्माचं नव्हतं, हे तू मला एकदाच सांगितलंस, स्वयंपाकघरात तांदूळ निवडत असताना. तू धोंडी होतीस. दहाव्या वर्षी ब्रह्मपुरीकडच्या तुझ्या गावात सगळ्या वस्तीनं धम्म घेतला. मग एका दुपारी शहरातून आलेला एक शिकलेला माणूस वहीतून नावं वाचत घरोघरी फिरला. तुझ्या दाराशी तो थांबला आणि म्हणाला, ही सुजाता. तू अर्थ विचारलास. चांगल्या घरी जन्मलेली, असं त्यानं सांगितलं. तू मागं वळून गळकं छप्पर बघितलंस आणि आबांना विचारलंस, "हे घर?" आबा म्हणाले, "हव. हेच." हे सांगताना तू हसलीस, आणि मग सूप झटकत राहिलीस. दुसरा अर्थ तुला पुढे विहारात कळला. उपासानं हाडं निघालेल्या एका माणसाला रानात खीर नेऊन देणारी ती सुजाता. तुला तो जास्त आवडायचा. "पयला अर्थ बापाचा," तू म्हणायचीस, "दुसरा माह्या कामाचा."

उपकेंद्राच्या दोन खोल्यांत पुढे तुझं काम होतं आणि मागे आपली चूल. कात्री आणि नाळ बांधायचा दोरा उकळायचं भांडं, तो गंज, चुलीजवळच उपडं असायचं, आणि त्याला हात लावायचा नाही हा घरातला पहिला नियम होता. एकदा मी त्यात मक्याची कणसं उकडली. मी नऊ वर्षांची असेन. नेमका त्याच वेळी एक माणूस धावत आला, बाईला कळा सुरू झाल्या म्हणून. तू कणसं अंगणात ओतलीस, गंज राखेनं घासलास, पाणी दोनदा उकळलंस, आणि मला म्हणालीस, "चाल आता. उशीर काऊन झाला ते त्या बाईले तूच सांगजो." मी तीन मैल तुझ्यामागे चालले. बाहेर ओट्यावर बसले. आत जुळ्या मुली झाल्या. तू बाहेर आलीस, माझ्याकडे पाहिलंस, आणि त्या घरच्या म्हातारीला म्हणालीस, "इची गोष्ट ऐकून घ्या." मी कणसांचं सांगितलं. म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्या म्हातारीनं पुढे दोन्ही नातींची नावं सुजाता ठेवली. एकीला दिलं आणि दुसरीला नाही दिलं तर दुसरी रुसेल म्हणून. थोरली सुजाता मला परवा भेटली. म्हणाली, "शाळंत गुरुजी पागल झाले होते, बाई. मार एकीचा, खाये दुसरी." धाकटी लग्न होऊन सिरोंच्याकडे गेली, तिकडे तिला सुजातम्मा म्हणतात. मासळीवाल्या बाईच्या आईनं, तुला आठवत असेल, तिच्या जन्मानंतर पाचव्या दिवशी पितळेच्या वाटीत पायेश पाठवली होती. ती आपल्याकडची खीरच. त्या बंगाली घरात तुझं नाव शुजाता असं म्हणतात, त्यांच्या तोंडी ते तसंच बसतं. एका घरी तर म्हशीचं नाव सुजाता होतं. तू बाळंतपणाला गेलीस त्याच दिवशी त्यांची म्हैस अडली आणि तू तिकडेही हात दिलास. हे ऐकून तू दोन दिवस हसत होतीस. त्या म्हशीच्या नातीपणती अजून आहेत आणि घरमालकानं मला गोठ्यात नेऊन त्या दाखवल्या. शेजारच्या पाड्यावर एका म्हाताऱ्याला मी विचारलं, सुजाता म्हणजे काय हो? तो म्हणाला, "बलावलं का येते, थे." बोलावलं की येते, ती. त्याला हा अर्थ शोधावा लागला नाही, लगेच सांगितला.

चार दिवसांत मला अकराजणी भेटल्या. एक अंगणवाडीत आहे, एक कोणाशीच नीट बोलत नाही, एकीनं मला उन्हात अर्धा तास उभं ठेवून तिच्या जावेच्या तक्रारी सांगितल्या. मी प्रत्येकीकडे बघत राहायची. माणूस गेल्यावर काय उरतं यावर मी पुष्कळ लेख तपासले आहेत, काहींची वाक्यं कापली आहेत. ही अशी चालतीबोलती, भांडणारी, म्हशी धुणारी गोष्ट मी कुठल्या कागदावर पाहिली नव्हती. तू कोणाचं काही घेत नसायचीस. कोंबडी आणली की तू परत पाठवायचीस, मोहफुलांची टोपली आली की परत. नाव कसं परत पाठवणार? म्हणून त्यांनी ते दिलं असावं, असं आता वाटतं.

मला तेव्हा ते आवडत नव्हतं. प्रत्येक सुजाता म्हणजे तू घरी नसलेला एक दिवस. एकदा मी रागानं म्हणाले होते की साऱ्या गावाला तुझं नाव आणि मला काय? तू माझी वेणी घालत होतीस. वेणी जरा जोरात ओढून म्हणालीस, "तुले मी भेटली. त्याइले निस्तं नाव भेटलं."

आणि मग नाल्यापलीकडचं ते घर. मी तेव्हा दहावीत होते. मूल झालं, पण रक्त थांबेना. तू बैलगाडी जुंपायला लावलीस, मोठ्या दवाखान्याकडे निघालीस, आणि डांबरी रस्ता लागायच्या आधी ती गेली. तू दुपारी परत आलीस आणि मागच्या अंगणात लुगडं धूत बसलीस. पाणी संपलं तरी धूत होतीस. मी बादली भरून ठेवली. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मरता मरता तिनं माह्यं नाव इचारलं. सरकारी माणसाचं नाव इचारते थे कायले इचारते, मालूम हाय ना?" मला माहीत होतं. आपल्या भागात तक्रार करायची असली की लोक आधी नाव विचारतात. महिन्याभरानं कळलं की त्या पोरीचं नाव सुजाता ठेवलं. तू जेवत होतीस, ताट सरकवलंस. "रोज हाक मारतीन अन् रोज आठवंल त्याइले, का हे बाई काई करू शकली नाई." त्याच दिवशी तू म्हणालीस, आपल्या घरी हे नाव कोणाला ठेवायचं नाही. माझी लेक झाली तेव्हाही तू पुन्हा तेच म्हणालीस. त्या गावात कामाला जावं लागायचं तेव्हा तू मागच्या वाटेनं जायचीस. ते घर टाळायला दीड कोसाचा फेरा.

नाल्यावर आता पूल आहे. घर तेच, वर कौलांऐवजी पत्रे. अंगणात मोह वाळत घातला होता आणि चाळिशीची एक बाई काटकीनं तो पसरत होती. तुझ्या हातून गेलेल्या बाईची ती मुलगी. मी सांगितलं, मी त्या नर्सबाईची पोरगी. तिनं काटकी न थांबवता विचारलं, "मंग इतके वर्सं कुठी होता?" मी म्हणाले, चंद्रपूरला. "चंद्रपूर का इलायतेत हाय?" ती म्हणाली, आणि बसायला खाट ओढली.

मी तिला सगळं सांगितलं. तू का येत नव्हतीस, तुला काय वाटायचं, नाव का नको होतं. ती ऐकत होती. मधेच उठून कोंबड्या हाकलून आली. मग म्हणाली, "थांबा. उलटंच सांगून राह्यले तुमी." तिच्या आजीनं, म्हणजे त्या मेलेल्या बाईच्या सासूनं, तिला लहानपणी शंभरदा सांगितलेलं तिनं मला सांगितलं. गाडीच्या बाजूनं आजी पायी चालत होती. तू गाडीत तिच्या आईचं डोकं मांडीवर घेतलं होतंस, आणि थंडी लागू नये म्हणून बाळ तुझ्या लुगड्याच्या आत, छातीला लावून बांधलं होतंस. तिच्या आईनं विचारलं, लेकरू कोणाजवळ आहे? तू म्हणालीस, "माह्याजवळ हाय." मग तिनं तुझं नाव विचारलं. तू सांगितलंस. मग तिनं मान वळवली आणि सासूला गोंडीत दोनच वाक्यं म्हणाली. मुलगी हिच्या अंगाला लागून जगेल. तिला हिचं नाव दे.

तुला गोंडी येत होती ती दुखतं का, किती दिवस झाले, पाणी पी, इतकी. तिचा आवाज आधीच गेलेला. तू बाजूलाच होतीस, माय, आणि तुला ते कळलं नाही. तू तक्रार समजलीस. तू वीस वर्षं मागच्या वाटेनं गेलीस.

तिनं पाण्याचा लोटा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बुडी आजी वाट पाहे तुमच्या मायची. नर्सबाई एकडाव पोट्टीले पाहून जाईन म्हणे. लय वर्सं म्हणे. मंग म्हणाची सोडली." हे तुला सांगू नये असं वाटलं होतं. पण अर्धंच सांगितलं तर ते खरं राहत नाही.

मग मी आमच्या बाळाचं सांगितलं. नाव ठेवायचं की नाही, ते तुझ्या मनाविरुद्ध आहे, काय करावं. मला वाटलं ती म्हणेल, ठेवा की. ती म्हणाली, "तुमच्या मायचं होतं तवा होतं. आता हे नाव माह्यं हाय. माह्या मायनं देल्लं." तिनं मोहाची दोन फुलं उचलून बघितली, पुन्हा उन्हात टाकली. "द्याचं अशीन त मीच देईन. कवा हाय?" मी म्हणाले, रविवारी. "एस्टी किती वाजता हाय रविवारची?"

आज शनिवार आहे. आत लेक बाळाला निजवते आहे. जावयानं उद्याच्या वंदनेची तयारी केली आहे, फुलं ओल्या कापडात ठेवली आहेत. नाल्यापलीकडची ती सकाळच्या गाडीनं येणार आहे. नाव बाळाच्या कानात तीच सांगेल. तुझी मनाई मी मोडते आहे, आणि ती का मोडते आहे हे तुला कळवण्यासाठी हे लिहिलं. पाठवायला पत्ता नाही, म्हणून घडी करून कपाटात ठेवीन.

एक राहिलं. लेक जन्मली तेव्हा तू नाव नको म्हणालीस आणि मी लगेच मान डोलावली. मी तुझ्या दुःखाचा मान राखला असं तू समजलीस, आणि मी तुला तसं समजू दिलं. खरं म्हणजे तुझ्या नावाची आणखी एक वाटेकरीण मला नको होती. उद्या ती बाई वाकून बाळाच्या कानात सांगेल तेव्हा मी बाजूला उभी असेन. मला आनंद होईल, होणारच. आणि मी थोडी जळेन, माय. या वयातही.