माझ्या मापाचा पट्टा

सोमवार, ३ मार्च
पट्टा पुन्हा खांद्यावरून घसरला! पवनचक्कीच्या शिडीवर अर्ध्यात थांबून पट्टे ओढत बसले. हा सुरक्षा पट्टा पुरुषांच्या मापाचा — माझ्यासारख्या दोघी मावतील त्यात. फोरमन खालून ओरडला, "आधी पट्टा सांभाळ, मग पवनचक्की!" त्याला आम्ही घार म्हणतो. नजरेतून काही सुटत नाही.

एकवीसला परीक्षा. जमलं तर चढणाऱ्यांच्या तुकडीत पहिलीच बाई. नाही जमलं तर परत खाली, ऑफिसात आल्यागेल्याला पाणी विचारायचं. ती खुर्ची मला नको!

जेवताना गाऱ्हाणं गायले. घार रोज चढण्याआधी टाका न् टाका तपासतो, जरा वेगळं दिसलं की पट्टा कापूनच टाकतो, म्हणजे कोणी चुकून घालायला नको — सगळं सांगितलं. नवरा हसला. सासूबाई गप्प. माझ्या कामाबद्दल त्या कधीच बोलत नाहीत. पण सकाळी डबा भरलेला असतो. एवढं तरी कोण करतं?

रविवार, ९ मार्च
पट्टा धुवायला घरी आणला होता. दुपारची डुलकी काढून उठते तर काय — सासूबाईंनी जाड सुई घेऊन पट्टा खांद्याला आत घेऊन शिवलाय! "घालून बघ." अगदी मापात! गळ्यातच पडले त्यांच्या. त्या अवघडल्या. एवढंच म्हणाल्या, "उद्या त्या घारीला नीट दाखव हं."

राखाडी पट्ट्यावर लाल दोरा मात्र गंमतच. गिऱ्हाइकाच्या कपड्याला रंग जुळेपर्यंत सासूबाई चार दुकानं पालथी घालतात. घरच्याला काय, चालतंय!

सोमवार, १० मार्च
घारीने लांबूनच पाहिलं. "हे काय?" मी कौतुकाने सांगायला गेले. त्याने ऐकून घेतलं, कात्री काढली आणि सगळ्यांदेखत पट्टा कापला. सुई आरपार गेली की पट्ट्याचा जोर गेला, म्हणाला. "शिवणारीचा हात चांगलाय. पण हा ब्लाउज नव्हे!"

बाकीचे पट्टे याहून ढगळ. मापाचा पट्टा नाही तर चढायचं नाही. परीक्षाही नाही. मला कसं कळलं नाही? इतकी हरखले होते की अक्कल गहाण पडली.

घरी खरं सांगवेना. एवढ्या मायेने शिवला त्यांनी! "आज चढले नाही," इतकंच म्हटलं. सासूबाईंनी काही विचारलं नाही. आग्रह करकरून वाढलं मात्र.

गुरुवार, १३ मार्च
घारीने पट्टेवाल्या दुकानदाराला फोन लावला. मी शेजारीच.
"बायकांच्या मापाचा असतो का रे?"
"असतो की. पहिल्यापासून."
"मग आजवर पाठवला का नाहीस?"
"कोणी मागितलाच नाही!"
हसावं की रडावं!

बुधवार, १९ मार्च
आला! निळा! खांद्यावर बसला तो हलेचना. घारीचे आभार मानले तर गुरगुरला, "माझे कसले? जुना बिघडला नसता तर मी फोन तरी केला असता का?"

खरंच की! म्हणजे आभार सासूबाईंचेच.

शुक्रवार, २१ मार्च
पास!! वरून सगळं बोटभर दिसतं. वारा कानात घोंघावत होता, पण पट्टा अंगाला धरून होता. आजवर इतकी माणसं माझ्यासाठी धडपडली — वर उभी राहून एकेकाला आठवलं. नवरा सासूबाईंना घेऊन कुंपणापाशी आला होता. मी खाली आले तेव्हा त्यांचे हात बर्फासारखे गार. "उतरलीस एकदाची," म्हणाल्या. आणि माझा हात सोडेचनात.

शनिवार, २२ मार्च
आज सासूबाईंना सगळं सांगून टाकलं — पट्टा कापला ते, नवा आला ते. म्हटलं, "आई, तुमच्या त्या टाक्यांमुळेच मला माझा पट्टा मिळाला!"

त्यांनी शिवण खाली ठेवलं. "सुईने पट्ट्याचा जोर जातो हे मला माहीत नसेल होय? जन्म गेला शिवण्यात. तू चढू नयेस म्हणूनच शिवला मी."

मग विचारलं, "आणि घारीने बघितलंच नसतं तर?"

"म्हणून तर लाल दोरा घेतला."