चार चहांची वाट

आदरणीय अवादमामांस,

भाचा फराज याचा सलाम. अल्लाच्या कृपेने आम्ही इकडे डोंगरात सुखरूप आहोत. तुमच्यावर, घरातल्या सगळ्यांवर आणि तुमच्या दोन्ही गुडघ्यांवर शांती असो. उजव्यावर जरा जास्त, कारण तो पहिल्यापासूनच हट्टी. समुद्रकाठी मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तुम्हाला छान करमत असेलच. (चार वर्षांत एकदाही इकडे फिरकला नाहीत, त्यावरून आम्ही ताडलं.) फोन केला की तुम्हाला नेमका माझाच आवाज येत नाही. म्हणून हे पत्र जीपवाल्या हमदानच्या हाती देतो आहे. पत्राला आवाज लागत नाही.

पत्रास कारण की, कैरोहून रऊफ नावाचे एक इंजिनिअर आले आहेत. आपल्या गावाभोवतीच्या ‘आवडत्या एका दिवसाच्या पायवाटा’ अशी त्यांना एक पुस्तिका काढायची आहे. उंटावरचा शहाणा म्हणावं, तर ते उंटावर बसायलाही घाबरतात, त्यामुळे गाढवावर बसूनच शहाणपणा चालू असतो. त्यांनी मला विचारलं, “फराज, तुझी आवडती वाट कुठली?” मामा, पन्नास वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. आपण शेळी हरवली म्हणून चालतो, जर्दाळू उतरवायला चालतो, कोणी मेलं म्हणून चालतो. आवडलं म्हणून चालायला आपण काय वेडे आहोत? पण साहेब वही उघडून बसले होते, त्यांचं मन कसं मोडणार? मी पाच वाटा सांगितल्या. पाचही कुठल्या ना कुठल्या आतेच्या नाहीतर चुलत्याच्या बागेत जेवणवेळेला पोचतात, हा निव्वळ योगायोग.

मग त्यांनी अंतर विचारलं. मी आपलं सरळ सांगितलं: ही दोन चहांची, ती तीन चहांची, आणि खिंडीपलीकडे अवादमामांच्या बागेपर्यंतची चार चहांची. साहेबांनी मान डोलावली, लिहून घेतलं, आभारही मानले. एवढ्या शिकलेल्या माणसाला चहा म्हणजे काय ते समजावून सांगायचं, हे मला उद्धटपणाचं वाटलं. आपला चहा म्हणजे पाय बोलायला लागेपर्यंत चालायचं, मग काटक्या गोळा करायच्या, विस्तव, पहिला पेला, दुसरा, तिसरा, आणि ऊन कलेपर्यंत जरा पाठ टेकायची. साहेबांच्या कचेरीत मात्र चहा दहा मिनिटांत संपतो. त्यांनी गुणाकार केला. पुस्तिका छापून आली: ‘वाट क्रमांक चार. खिंडीतून जुन्या बागेपर्यंत. चाळीस मिनिटे. सोपी. वृद्धांसाठी योग्य.’

आणि वृद्ध आले की हो! कैरोच्या अकरा निवृत्त शिक्षिका, आणि त्यांच्या पुढे त्यांच्या मुख्याध्यापिका नग्वाबाई. बाईंच्या मनगटावर घड्याळ, पर्समध्ये पुस्तिका, आणि आवाज असा की पहिल्याच हाकेला माझा उंट रांगेत उभा राहिला. वाटाड्याची पाळी माझी होती. (म्हणजे तुमचीच. पंचांनी तुमच्या गुडघ्याकडे बघून वाटाड्यांच्या यादीतलं तुमचं नाव खोडलं आणि माझं घातलं. मी तेव्हा ‘नको’ म्हणालो होतो. हळू म्हणालो, हेही कबूल आहे.) बाई म्हणाल्या, चाळीस मिनिटांसाठी उंट कशाला, सोड त्याला. उंट राहिला, उंटावरची किटली राहिली, आणि आम्ही प्रत्येकी एक इवलीशी बाटली घेऊन निघालो.

चाळिसाव्या मिनिटाला बाई थांबल्या. आम्ही अजून गावाच्या शेवटच्या भिंतीपाशीच होतो. “खिंड कुठे आहे?” मी म्हटलं, “ही काय, पुढेच.” दुसऱ्या तासाला तेच विचारलं, मीही तेच सांगितलं. तिसऱ्या तासाला बाईंनी पुस्तिकेतल्या शुद्धलेखनाच्या एकोणीस चुकांची यादी मला ऐकवली आणि सांगितलं की असं लिहिणाऱ्याला त्यांनी तिसरीतून वर चढवलं नसतं. त्यात त्यांनी मलाही धरलं असतं तरी माझी हरकत नव्हती. अशा रीतीने नाकी नऊ आलेल्या सगळ्या जणी खिंडीच्या तोंडाशी, त्या एकट्या बाभळीखाली येऊन बसल्या. झऱ्याला पाणी होतं, काटक्या होत्या, चहासाखर त्यांच्या पर्समध्ये होती. नव्हती फक्त किटली.

बाईंनी वर पाहिलं. “ते गाठोडं लटकतंय, त्यातून किटलीची तोटी दिसते आहे. काढ.”

मी कानाला हात लावले. म्हटलं, बाई, आमच्यात झाडाला टांगलेल्या वस्तूला मालकाशिवाय कोणी हात लावत नाही. महिना जावो, वर्ष जावो. हे माझ्या मामांचं आहे. चार वर्षांपूर्वी माझ्यावर रुसून समुद्राकडे गेले, जाताना टांगून म्हणाले, ‘घ्यायला येईन तेव्हा येईन.’ तेव्हापासून माझी आई खिंडीतून येणाऱ्या प्रत्येकाला सलामाच्या आधी विचारते, “गाठोडं आहे ना?” ते आहे तोवर भाऊ येणार आहे.

“आणि ते आले का?” बाईंनी विचारलं.

मी काटक्या गोळा करायला लागलो.

“अरे, सुरक्षित आहे म्हटल्यावर कोण कशाला येईल?” बाई म्हणाल्या. “मी शाळेत वस्तू जप्त करत असे. दुसऱ्या दिवशी बाप दारात हजर!”

बायकांचं बोलणं, आपण कशाला मनावर घ्यायचं! मी त्यांना झऱ्याचं पाणी पाजलं, घटकाभर बसवलं आणि संध्याकाळी सुखरूप गावात आणलं. तर अशी ही सगळी हकीकत. काळजीचं काही नाही, सगळं जिथल्या तिथे आहे.

तुमचा आज्ञाधारक (पाळीचा विषय सोडून),
फराज

ता. क. रऊफसाहेबांनी चूक कबूल केली. नव्या पुस्तिकेत वाट क्रमांक चार ‘एकशे साठ मिनिटे’ अशी आहे. आता ते चहा चाळीस मिनिटांचा धरतात. हळूहळू सुधारतील.

ता. क. दुसरा. ‘सगळं जिथल्या तिथे आहे’ हे वाक्य त्या दिवशी दुपारच्या नमाजापर्यंत खरं होतं. त्यानंतर मी बाभळीवर चढलो.

ता. क. तिसरा. हो, मीच. शुद्धीवर असताना, अकरा शिक्षिकांच्या देखत. तुमच्या किटलीत प्रत्येकीला तीन-तीन पेले चहा केला, आणि तुम्हाला चीड येईल इतकी साखर घातली. परतल्यावर स्वतःच काजी मुसल्लम यांच्याकडे जाऊन गुन्हा सांगितला. ते म्हणाले, कबुली पुरत नाही. ज्याचं गाठोडं त्याने स्वतः समोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने आरोप करायला हवा. सुनावणी येत्या गुरुवारी. तुम्ही आला नाहीत तर खटला निकालात निघेल आणि किटली माझी होईल. मी तिच्यात मेंढ्यांचं औषध उकळायचं ठरवलं आहे.

ता. क. चौथा. गाठोड्यात तुमचा झगा होता, दगड झालेली साखर होती आणि दोन पेले होते. एक तुमचा. दुसरा टवका उडालेला, जो मी सात वर्षांचा असताना आपटला होता आणि त्याबद्दल तुमच्या हातचा मार खाल्ला होता. मामा, माझ्यावर एवढे रुसला होतात तर माझा पेला कशाला बांधून ठेवलात? मी झाडाखाली बायकांच्या देखत रडलो. नग्वाबाईंनी रुमाल दिला, आणि तो धुऊन परत पाठव म्हणून बजावलं.

ता. क. शेवटचा. घरी आल्यावर आईने नेहमीसारखं विचारलं, “गाठोडं आहे ना?” मी म्हटलं, नाही. मला वाटलं, आता चप्पल येणार. ती उठली आणि तिने तुमची गादी उन्हात टाकली. पत्रात घालायला तिने निरोप दिला आहे: “त्याला लिही, खटल्याला यायचं तर ये, मी काही तुझ्याशी बोलणार नाही. आणि रात्रीच्या जेवणाला उशीर करू नकोस.”