झाड राहिलं, खोली गेली

प्रिय मर्लताई,

आधी तुझ्या गुडघ्यांना नमस्कार, मग तुला. वॉर्नमबूलच्या समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याने ते थोडे तरी नरमले असतील अशी आशा करतो. आम्ही दोघं बरे आहोत. माझा रक्तदाब गोळीमुळे खाली आहे आणि ग्लेनिसचा माझ्यामुळे वर आहे, म्हणजे घराचा हिशेब सरासरीने ठीकच म्हणायचा. मांजर जाड झालंय. डोंगर अजून हिरवा दिसतो, पण पायाखाली गवत कुरकुरीत व्हायला लागलंय. ते तुला सांगायला नको.

तुझ्या पत्रात दोन गोष्टी होत्या. एक, मागच्या अंगणातली ती निलगिरी उभी आहे तोवर ख्रिसमसला, ऐन वणव्याच्या दिवसांत, तू आमच्या मागच्या खोलीत झोपायला येणार नाहीस. दोन, आग आली तर पंप घेऊन घरीच थांबायचं खूळ माझ्या डोक्यातून गेलं का. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: नाही गेलं. वाऱ्याच्या वाईट दिवशी ग्लेनिस मांजराला घेऊन सकाळीच खाली तिच्या चुलतबहिणीकडे जाते आणि मी घर राखतो. (तुझं घर गेलं त्या दिवशी तू वेळेवर निघालीस, म्हणून आज तुला पत्र लिहिता येतंय, हे मी कधी विसरत नाही. पण तुझ्याकडे पंप नव्हता.) पंपाची चाचणीही मी घेतली. छपरावर पाण्याचे फवारे बसवले, इंजिन सुरू केलं, आणि सगळं पाणी पत्र्याच्या फटीतून थेट स्वयंपाकघरात, ग्लेनिसच्या केकवर. शेजारचा बेवन कुंपणावर कोपरं टेकून बघत होता. म्हणाला, "लिंडसे, आग बाहेरून येते रे बाबा. तू पाणी आत कशाला सोडतोयस?"

पहिल्या गोष्टीचं उत्तर मात्र लांबलचक आहे, तेव्हा चहा घेऊन बस. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी ठरवलं, झाड पाडायचं. तू आमच्याकडे ख्रिसमसला आलीस त्याला किती वर्षं झाली, ते मोजायलाही नको वाटतं. आणि झाड म्हणशील तर त्याची सालपटं उन्हाळाभर पट्ट्यापट्ट्यांनी लोंबतात. एक पेटलं की वाऱ्यावर मैलभर जाईल. हे सगळं मी जेवताना ग्लेनिसला समजावून सांगितलं. तिने शांतपणे बटाटा कापला आणि म्हणाली, "घर जळतं ते पन्हळीतल्या पाचोळ्यानं. तो काढायला तुला महिनोन् महिने शिडी सापडत नाही. झाड पाडायला करवत मात्र लगेच सापडली."

मी टोपी घातली आणि थेट अग्निशमन दलाच्या सभेला गेलो. (सभेचा हाच मोठा उपयोग असतो.) तिथे झाडवाले एका बाजूला आणि करवतवाले दुसऱ्या बाजूला बसले होते, आणि मधल्या टेबलावरची बिस्किटं दोन्ही पक्ष सारख्याच निष्ठेने संपवत होते. बेवन करवतवाल्यांचा पुढारी. त्याने स्वतःच्या आवारातलं झाडच काय, झुडूपही ठेवलेलं नाही. त्याचं अंगण आता त्याच्या डोक्यासारखं झालंय. त्याने जोरदार भाषण केलं, मी टाळ्या वाजवल्या. झाडवाल्यांच्या बाजूने कोणीतरी मागून विचारलं, "मग बेवन, दुपारी खुर्ची घेऊन कुठे बसतोस?" तो म्हणाला, "लिंडसेच्या झाडाखाली. पण धास्ती बाळगून बसतो."

आता नियम असा, की घरापासून दहा मीटरच्या आतलं झाड मालकाला परवानगीशिवाय पाडता येतं. त्यापलीकडचं असेल तर कौन्सिलला विचारावं लागतं. मी मागच्या खोलीच्या भिंतीपासून टेप लावली. झाड आरामात आत. झाडं तोडून देणाऱ्या नुंझिओला शनिवारी यायला सांगितलं. ग्लेनिसनेही टेप लावली, पण जुन्या दगडी भिंतीपासून, आणि झाड आरामात बाहेर. "मागची खोली कुठे गेली?" मी विचारलं. "कौन्सिलच्या नकाशात शोध," ती म्हणाली.

तुला आठवत असेल, ती खोली म्हणजे आपला मागचा व्हरांडा. एका ईस्टरच्या सुट्टीत मीच तो फळ्या ठोकून बंद केला होता. परवानगी वगैरे तेव्हा कोण काढत होतं? म्हणजे कागदोपत्री ती खोली नव्हतीच, आणि नसलेल्या खोलीपासून अंतर मोजून असलेलं झाड पाडणं काही कायद्यात बसेना. मग कौन्सिलला विचारणं भाग पडलं, आणि एक बाई तपासणीला आल्या. तरुण, हसतमुख, पायात भक्कम बूट. त्यांनी झाडाभोवती फेरी मारली, पन्हळ बघितली (तिथे एक रोपटं उगवलं होतं, ते त्यांना फार आवडलं), मग आत येऊन खोलीच्या भिंतीवर टिचकी मारली.

"ही फळी कसली?"

"चांगली सुकी पाइनची आहे," मी अभिमानाने सांगितलं.

"आणि खाली?"

"खाली सरपण ठेवतो. कोरडं राहतं."

त्यांनी बुटाने पायाखालची फळी ठोकून बघितली. मग म्हणाल्या, "काका, झाडाबद्दल माझी तक्रार नाही. त्याचं खोड गुळगुळीत आहे, आग चटकन चढणार नाही; खालच्या फांद्या छाटा, सालपटं उचलत जा. पण तुमच्या आवारात सगळ्यात आधी पेटेल अशी एकच वस्तू आहे, आणि आपण तिच्यात उभे आहोत."

तर शनिवारी नुंझिओ आला तो झाड पाडायला, आणि पाडून गेला खोली. त्याच करवतीने. "आयुष्यात पहिल्यांदा झाडाच्या सावलीत बसून घर तोडतोय," असं तो जेवताना म्हणाला. बेवन खुर्ची घेऊन आला होताच. सगळे खूश होते. ग्लेनिस तर इतकी खूश, की तिने केक पुन्हा केला.

मी हरलो, ताई. पण सरपण हललं, पन्हळ साफ झाली (शिडी सापडली, ती खोलीच्या खालीच होती), फांद्या छाटल्या. तेव्हा झाड तेवढं माफ कर.

तुझा भाऊ,
लिंडसे

ता. क. तू ज्या खोलीत झोपणार नव्हतीस ती आता नाहीच, तेव्हा ती हरकत आपोआप निकालात निघाली. तुला पुढची खोली देऊ. मी दिवाणखान्यात झोपेन.

ता. क. २. पत्र्याच्या फटीही बुजवल्यात, पंप आता नीट चालतो. त्याची काळजी नको.

मर्ल, ग्लेनिस लिहितेय. पत्र टपालात मी टाकणार होते, म्हणून वाचलं. तो हरला वगैरे काही नाही. तुझं पत्र वाचून मीच शेवटी म्हटलं होतं, मर्ल येणार असेल तर जाऊ दे झाड. बेवनने तर कोणाला न विचारता एका सकाळीत काम उरकून देतो म्हणून सांगितलं होतं. तपासणीला माणूस पाठवा असा कौन्सिलला फोन लिंडसेने स्वतः केला, मी अंगणात कपडे वाळत घालत असताना. त्याच्याने झाड तोडवलं नसतं, आणि ते तुला सांगवलंही नसतं. तेव्हा माझ्यावर ढकललं. असू दे.

पण पंपाचं तो खरं सांगतोय, आणि मला तेच नकोय. वाईट दिवशी मी खाली जाते आणि चुलतबहिणीच्या खिडकीत बसून धूर कुठल्या बाजूला वळतो ते बघते. दरवेळी निघताना त्याला चल म्हणते. दरवेळी तो मला खाण्याचा डबा भरून देतो आणि फाटक लावून घेतो. माझ्यासाठी तो येणार नाही, दलाच्या कॅप्टननेही सांगून बघितलं.

या डोंगराची तुला भीती वाटते, ठाऊक आहे मला. म्हणूनच ये. मला या घरात एक घाबरणारं माणूस हवंय. वारा सुटलेल्या सकाळी तू फक्त म्हण, "लिंडसे, मला खाली सोड." त्याला यावंच लागेल, कारण मी चालवत असले की तू गाडीत बसत नाहीस. इतकी वर्षं त्याचा मला राग होता. यंदा तेवढा हट्ट सोडू नकोस.

ग्लेनिस