कंसातली कुलुपं

३ मार्च, मंगळवार
आपल्या आणि त्यांच्या देशाच्या व्यापार-कराराच्या वाटाघाटी आजपासून पुन्हा सुरू. मसुदा सांभाळायचं काम माझंच. एकमत नाही ते चौकोनी कंसात ठेवायचं, एकमत झालं की कंस काढायचा. एकशे बाराव्या ओळीत कुलुपं – कंसात! दादाचा कारखाना कुलपांचा, आणि सगळा माल जातो समोर बसलेल्यांच्याच देशात. त्यांनी आयातकर वाढवल्यापासून निम्मी यंत्रं बंद आहेत.

दुपारी दादाचा फोन. "पाच जुने कामगार परत यायला तयार आहेत गं. पण हातातली नोकरी सोडून यावं लागेल त्यांना. बोलावू की थांबू?"

"मला नको विचारूस. गोपनीयतेच्या कागदावर सही केलीय मी."

"बरं बाई, नको सांगूस!" हसला. "तुझं मला ठाऊक आहे. नापास झालीस की गल्लीभर बोंब, पास झालीस की गप्प."

तशीच होते मी. आईसुद्धा हेच म्हणायची.

४ मार्च
जीव थाऱ्यावर नाही. ते कुलपांवर अडलेत, आमचे साहेब दूधभुकटीवर – त्यांची स्वस्त भुकटी इथे येऊ द्यायची नाही म्हणून. पाच कप चहा झाला. कंस जागच्या जागी.

५ मार्च
सकाळी भाषणं. दोन मोठ्या लोकशाह्या, जुनी मैत्री, वगैरे. टाळ्या! मग साहेब माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "भुकटी अडवली. कुलुपं सोडून दिली. दुरुस्त करा."

म्हणजे कुलपांवरचा वाढीव कर कायम. कंस मीच काढला, या हातांनी. दूधवाल्या लाखो घरांचं भलं झालं, कळतं मला. तरी साहेबांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

जाहीर होणार सोमवारी. तोवर तोंडाला कुलूप. काय पण शब्द सुचतात!

६ मार्च
दादाचे तीन फोन. उचलले नाहीत. माझा नुसता आवाज ऐकला तरी त्याला कळेल. वहिनीचाही आला. खोलीतल्या खोलीत येरझारा घातल्या. जेवण गेलं नाही. दोनच दिवस काढायचे आहेत.

७ मार्च
फोन बंद करून ठेवला.

८ मार्च, रविवार
फोन सुरू केला. दादाने फोटो पाठवलाय – पाचही जण यंत्रांपाशी उभे, हसताहेत. खाली लिहिलंय, "नोकऱ्या सोडून आले बघ. तू फोन उचलेनास, तेव्हाच ओळखलं – पास!"