फिंटनचं वाढतं वेड

एनिसकॉर्थी
९ ऑगस्ट १९८७

लाडक्या कार्मेल,

तुझी लेक आणि तिचं बाळ सुखरूप आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. सिडनीत थंडी आहे म्हणतेस. इथे मात्र छान ऊन पडतंय. तुझ्या कुंपणावरचे गुलाब बहरलेत. तुझा फिंटन जेवतो वेळेवर. रविवारी मी बेकन आणि कोबी घेऊन जाते.

एक सांगायचं राहिलं. त्याने कबुतरं देऊन टाकली. सगळीच. कार्लो गावच्या मॅट ब्रेननला. खुराड्याला कुलूप घातलं.

आणि ती परत आली गं. "अंडी-पिल्लांसाठी ठेव, पण कोंडूनच ठेव," असं फिंटनने बजावलं होतं. मॅटला दया आली, त्याने दार उघडलं. शर्यतीची पाखरं ती, थेट घरी आली. आता बंद खुराड्याच्या छपरावर बसून असतात.

"अरे, दार तरी उघड," मी म्हटलं.

"नको बाई. वेड वाढायचं माझं."

हे माझंच पाप. चर्चच्या पत्रकात मी त्याच्यावर चार ओळी लिहिल्या, त्यात कबुतरं म्हणजे त्याचं 'ग्रोइंग ऑब्सेशन', वाढतं वेड, असं झोकात लिहून टाकलं. आठवतात ना सिस्टर बेनिग्नस, बोटांना खडू लागलेला? "मुलींनो, नुसती आवड वाढली तर हे शब्द वापरू नका. ज्याच्यापायी माणसाला घरदार सुचेनासं होतं, त्यालाच ते शोभतात." फिंटनला तर घर सुचत होतं. तुझी बॅगसुद्धा त्यानेच भरली होती.

पबमध्ये चिडवतात, "काय फिंटन, आज कितपत वाढलंय?" ते त्याने हसण्यावारी नेलं असतं.

पण ते वाक्य मी तुझ्या तोंडी घातलं, कार्मेल. 'त्याची बायको म्हणते,' असं लिहिलं. माझं मत कोण वाचणार, म्हणून. गेल्या रविवारी तो म्हणाला, "इतका जाच होत होता तिला, तर मला का नाही बोलली गं?"

मी म्हटलं, "चहा निवतोय तुझा."

आता उठते आणि त्याच्याकडे जाते. त्याला खरं सांगून झाल्यावरच हे पाकीट पेटीत टाकणार आहे. तेव्हा हे तुझ्या हाती पडलं, तर तो सगळं ऐकून बसलाय असं समज. त्याला फोन कर, कितीही महाग पडो. माझ्याशी बोलायचं की नाही, ते सावकाश ठरव.

तुझ्या नावाने खोटं लिहिलेली,
तुझी थोरली बहीण
डिम्पना