पळसाच्या पानांचे वडील

पुणतांबे, बुधवार,
ता. २२ जानेवारी १९४७

प्रिय यज्ञेश्वर,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारी पोचलं. बन्सी पोस्टमनने ते घाटावरच आणून दिलं. वाचलं आणि ओल्या पंच्यानिशी पायरीवर बसून राहिलो. तू लिहितोस की जहाजांच्या कचेरीत जुनी वही निघाली आणि तीत तुझ्या आजोबांचं नाव सापडलं. पहिल्या महायुद्धातल्या नोकरीबद्दलचं त्यांचं पदक मात्र १९२१ सालीच कुणीतरी सही करून नेलेलं आहे. जहाज बुडालं १९१७ साली, आजोबा गेले जहाजाबरोबर, तेव्हा सही करणारा कुणी लबाड असणार, असं तुझं म्हणणं. तक्रार गुदरायची म्हणतोस आणि सही ताडून पाहायला आजोबांच्या हातचा एखादा जुना कागद मागतोस. तुझ्या चिकाटीचं कौतुक आहे, बाबा. कचेऱ्यांचे उंबरे झिजवण्यात तू माझ्यावर गेलेला नाहीस. पण कागद मी पाठवणार नाही आणि तक्रार तू करायची नाहीस. सही त्यांचीच आहे.

हे एक वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. आता पुढचं सांगतो.

या पदकाचं खूळ तुझ्या आजीच्या डोक्यात कसं शिरलं ते तुला ठाऊकच आहे. भिमाजीचा मुलगा परवाच्या लढाईतून दोन पदकं छातीला लावून राहात्याला परतला, त्याच्या आईने ती गावभर मिरवली. आजी म्हणाली, आपल्या माणसाचंही सरकारकडे पडून असेल, ते देवात ठेवू. तिने मला सांगितलं असतं तर मी आजचं उद्यावर ढकलत वर्ष काढलं असतं. हे ओळखूनच तिने तुला सांगितलं. तू दर पत्रात नवी खबर लिहीत होतास आणि मी ती तिला वाचून दाखवत होतो, अर्धी गाळून. भिक्षुकाला मधले मंत्र गाळायची सवय असते, ती अशी कामाला येते.

तुझे आजोबा १९१५ साली जहाजावर गेले तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. मुंबईच्या गोदीत कारकून होते, तिथून माल नेणाऱ्या जहाजावर सामानाच्या नोंदी ठेवायचं काम मिळालं. लढाईचे दिवस, बसऱ्याला धान्य आणि घोडे जायचे. घाटावरच्या भिक्षुकाच्या मुलाने समुद्र ओलांडला, म्हणजे घराला बट्टा. पुण्यामुंबईत तेव्हाही कुणी विचारत नव्हतं, पण आमचं पोट ज्यावर चालतं तो घाट पुणतांब्याचा. माझ्या आजोबांनी, म्हणजे तुझ्या पणजोबांनी, त्यांची दोन पत्रं न फोडता परत धाडली. पुढे जहाज बुडाल्याची बातमी आली. पणजोबा त्यानंतर वर्षभरात वारले.

प्रेत नाही, साक्षीदार नाही. अशा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पालाशविधी करायचा, हा आपला नियम. तू लहान होतास, तुला आठवणार नाही. १९२९ च्या माघात तीनशेसाठ पळसाची पानं मी स्वतः निवडून आणली. पानांचे हातपाय, पानांची छाती, डोक्याच्या जागी नारळ. नदीकाठी त्याला अग्नी दिला. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. दुपार टळली, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. गावकरी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल. त्याच दिवशी तुझ्या आजीच्या बांगड्या फुटल्या आणि केस उतरवले. तोवर बारा वर्षं ती रोज वेणी घालून, कुंकू लावून दाराकडे कान ठेवून होती. न्हाव्यापुढे बसताना तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मीच मुहूर्त काढला होता.

आणि दोन वर्षांनी ते आले.

१९३१ चा चैत्र. मी घाटावर कांदेवाल्या कारभारीच्या बापाचं वर्षश्राद्ध चालवत होतो. वरच्या पायरीवर एक म्हातारा येऊन बसला. अंगात कोट, पायात बूट, चेहरा उन्हाने रापलेला. कारभारी म्हणाला, "कोन हायती हे पाव्हनं? लई येळ तुमच्याकडंच बघत्यात." मी वर पाहिलं आणि ओळखलं. सोळा वर्षांनी बाप ओळखायला क्षणसुद्धा लागला नाही, आणि तोंडातून निघालं, मुंबईचे यजमान आहेत. यज्ञेश्वर, माझं पहिलं खोटं ते. त्यानंतर सगळं आयुष्य त्या एका वाक्याच्या आत काढलं आहे.

लोक पांगल्यावर त्यांना नदीच्या खालच्या अंगाला, बाभळींच्या आड नेलं. आधी काय विचारलं असेल मी? वाटेत कुणी ओळखलं का, हे. ते म्हणाले, नाही. मग सगळं सांगितलं त्यांनी. जहाज फुटल्यावर दोन दिवस फळीवर काढले, दुसऱ्या जहाजाने उचललं, बरे झाल्यावर त्याच जहाजावर नोकरी धरली. न फोडता आलेल्या पत्रांनंतर घर आपलं राहिलं नाही असं धरून चालले होते. पणजोबा गेल्याची बातमी त्यांना तेरा वर्षांनी, गोदीत भेटलेल्या कोपरगावच्या माणसाकडून कळली, आणि ते निघाले. मीही माझं सांगितलं. पानं, नारळ, कावळा. ते हसले, म्हणाले, नारळ तरी चांगला निवडला होतास ना? मग आईच्या केसांचं सांगितलं. तेव्हा हसणं थांबलं.

ते म्हणाले, नारायणा, तू शास्त्र शिकलास, मग मेलेला माणूस परत आला तर काय करायचं ते सांग. मला ठाऊक होतं. तुपाच्या हंड्यात बसवायचं, नवं बाळ जन्मलं असं मानून जातकर्म, बारसं, मुंज, सगळं पुन्हा, आणि शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न. मी ते धडा म्हणावा तसं म्हणून दाखवलं. ऐकून ते म्हणाले,

"मी तयार आहे. तिला विचार."

मी तिला विचारलं नाही. मी नको म्हणालो. कारणं माझ्याकडे पुष्कळ होती. दमयंतीआत्याचं लग्न वैशाखात ठरलेलं. जिवंत बापाला अग्नी देणारा भिक्षुक म्हणून घाटावर कुणी मला दर्भ धरू दिला नसता. केस उतरवलेल्या बाईला पुन्हा बोहल्यावर उभी केली तर गाव काय म्हणेल. ही सगळी कारणं मी वडिलांना ऐकवली आणि तेही मान हलवत ऐकत राहिले, म्हणून मला जास्तच चेव आला. शेवटी त्यांनी खिशातून पदक काढून माझ्या हातावर ठेवलं. ब्राँझचं आहे. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला लाटांतलं जहाज, कडेला त्यांचं नाव कोरलेलं. हे घरात असू दे, म्हणाले. संध्याकाळच्या गाडीने परत गेले. स्टेशनवर पोचवायलासुद्धा मी गेलो नाही, कुणी पाहील म्हणून.

तेव्हापासून दर पितृपक्षात मी जिवंत बापाचं श्राद्ध करत आलो आहे. माझी आई, तुझी आजी, समोर बसलेली असते. 'मृतस्य' म्हणताना जीभ अडते, पण थांबता येत नाही, थांबलो तर का थांबलो ते सांगावं लागेल. सांगितलं तर आईचे केस मी उतरवले हे सांगावं लागेल. पळायलाही जागा नाही, कारण पळून येऊन लोक ज्याच्याकडे प्रायश्चित्त विचारतात तो भिक्षुक मीच. वर्षातून एक कार्ड येतं, खाली सही 'यजमान'. आम्ही खुशाल, तिकडची खुशाली कळवावी, एवढंच. मी उत्तर लिहितो, सर्व क्षेम. गेल्या दिवाळीचं कार्ड परक्या हाताचं होतं, त्यांना आता दिसत नाही. पत्ता माझगाव, खलाशांच्या वसतिगृहाचा, मागे लिहिला आहे. तू गिरगावात, ते माझगावात. ज्यांच्या सहीची तक्रार करायला तू निघालास ते तुझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

तुझी तक्रार थांबवायला हे लिहिलं असं तुला वाटेल. त्यासाठी दोन ओळींचं कार्ड पुरलं असतं आणि मी आणखी एक खोटं सहज रचलं असतं. पण सोमवारी तुझं पत्र वाचून घरी गेलो तेव्हा आईने विचारलं, नातू काय लिहितो. तुझी आई लेकीच्या, शोभाच्या बाळंतपणासाठी नगरला, घरात आम्ही दोघंच. मी पदक काढून तिच्यापुढे ठेवलं आणि आत्ता तुला सांगितलं ते सगळं तिला सांगितलं, तसूभर न गाळता. ती रडली नाही, रागावली नाही. केसांविषयी, लग्नाविषयी एक शब्द विचारला नाही. नुसतं म्हणाली, "त्या दिवशी ते जेवले होते का?" यज्ञेश्वर, मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. तसं सांगितलं. ती उठली आणि तिने चूल विझवली. सोमवारपासून तिच्या पोटात पाण्याखेरीज काही नाही. ते या घरात जेवतील तेव्हा मी जेवेन, एवढंच म्हणते. चौसष्ट वर्षांचं वय आहे, तिला सोडून मला निघता येत नाही. कारभारी आज कांदा घेऊन मुंबईला निघाला आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो, उद्या सकाळी तुला मिळेल. तसाच माझगावला जा. तुपाचा हंडा नाही, बारसं नाही, मी काही करणार नाही. घाट सुटला तर सुटू दे. त्यांचा हात धरून मनमाडच्या गाडीने पुणतांब्याला घेऊन ये. मी स्टेशनवर उभा असेन, सगळ्यांच्या देखत. कशाला नेतोस म्हणून विचारतील. त्यांना सांग, नारायणाने जेवायला बोलावलं आहे.

तुझाच,
दादा